सूर्यास्तापर्यंत आठ पाने

चित्रकथेच्या आव्हानाची ती जाहिरात मी वाचनालयाच्या फलकावर वाचली आणि घरी येऊन लगेच तिच्यावर आक्षेप लिहायला बसलो. जाहिरात चार ओळींची होती, आक्षेप दोन पानांचे झाले. 'सूर्योदयापासून सूर्यास्तापर्यंत आठ पानांची चित्रकथा पूर्ण करा,' एवढेच तिच्यात म्हटले होते. सूर्योदय कोणता धरायचा? क्षितिजावरचा, की वाचनालयाच्या खिडकीतून ऊन आत येते तो? पान केवढे असावे? कथा घरून रचून आणलेली चालेल काय? आणि सर्वांत महत्त्वाचे म्हणजे, 'पूर्ण' कशाला म्हणावे? ज्या आव्हानाला व्याख्या नाही ते आव्हान नसून करमणूक आहे, असे मी शेवटच्या परिच्छेदात नमूद केले, खाली सही केली आणि पत्र वाचनालयाच्या पेटीत टाकले.

मी दिवाणी न्यायालयाच्या नक्कल विभागातून निवृत्त झालो. निकालपत्रे, खरेदीखते, वाटणीपत्रे आणि शेतांचे नकाशे यांच्या खऱ्या नकला तयार करण्यात माझी नोकरी गेली. दुसऱ्याचा मजकूर काना-मात्रेसह जसाच्या तसा उतरवण्यात आयुष्य घालवलेल्या माणसाला उतारवयात स्वतःचा मजकूर लिहावासा वाटला, तर त्यात वावगे काही नाही. मी पत्रे लिहितो. गावात मला 'अर्जवाले बाबा' म्हणतात हे मला ठाऊक आहे.

त्या सुमारास माझी सगळी पत्रे एकाच विषयावर होती. माझ्या घरासमोर कडुनिंबाभोवती दगडी ओटा होता. उन्हे कलली की आळीतली माणसे तिथे टेकत. कोणी कापसाचा भाव सांगे, कोणी सुनेचे गाऱ्हाणे, कोणी नुसतेच दात कोरत बसे. माझी पत्नी गेली आणि तिच्या पहिल्या स्मृतिदिनाचे पुण्यानुमोदन होण्याच्या आत एका सकाळी यंत्र आले आणि रस्ता रुंद करण्यासाठी तो ओटा तोडून गेले. नोटीस नाही, सुनावणी नाही, पंचनामा नाही. ओटा सार्वजनिक जागेत होता, हे मी पहिल्याच पत्रात मान्य केले आहे. परंतु अतिक्रमण काढतानाही माणसाला आधी विचारावे लागते. चोराचेसुद्धा म्हणणे ऐकून घेतात. माझे कोणी ऐकले नाही, आणि तो राग आजही उतरलेला नाही. तो उतरावा अशी माझी इच्छाही नाही.

झाड राहिले, बसायची जागा गेली. आता माणसे माझ्या दारावरून जातात, हात वर करतात आणि पुढे निघून जातात. उभ्याने कोणी किती वेळ बोलणार?

पत्रांना उत्तरे येत नव्हती असे नाही. 'आपला अर्ज पुढील योग्य त्या कार्यवाहीस्तव पाठविण्यात येत आहे,' असे उत्तर येई. कुठून कुठे, ते कळत नसे. एका पत्रात मी मुद्दाम चौथ्या पानावर, दोन कायदेशीर मुद्द्यांच्या मध्ये, एक वाक्य घातले: 'हा मजकूर इथवर वाचणाऱ्या अधिकाऱ्याने कृपया एकदा माझ्या घरी चहास यावे.' त्या पत्रालाही उत्तर आले. चहाचा उल्लेख त्यात नव्हता, आणि चहाला कोणी आले नाही. त्या दिवशी मला नक्की कळले की माझे लिहिलेले शेवटपर्यंत कोणी वाचत नाही. मागणी फेटाळली गेली असती तर मी अपील केले असते. न वाचलेल्यावर अपील कुठे करायचे?

आक्षेपांचे पत्र टाकल्यानंतर तीन-चार दिवसांनी दारावर थाप पडली. आव्हानाचा आयोजक होता. मोताळ्याच्या बाजूचा, शाळेत चित्रकला शिकवणारा, पस्तिशीतला गृहस्थ. माझे पत्र त्याच्या हातात होते. तो आत आला, खुर्चीवर बसला आणि त्याने दोन्ही पाने माझ्यासमोर पुन्हा वाचली. किती तरी महिन्यांनी त्या खुर्चीवर कोणी बसले होते.

"काका, खरं सांगतो, आमी एवढा इचारच नव्हता केला," तो म्हणाला. "तुमीच लिहून द्या ना नियम."

"देईन. पण मग ते पाळावे लागतील."

"पाळू ना! अन् तुमी बी बसा काढाले. आमाले मानसं कमी पडून राह्यले."

"मला माणसे काढता येत नाहीत. मी फक्त शेतांचे नकाशे उतरवले आहेत."

"मंग शेताची गोष्ट काढा. कोन नाही म्हनते?"

नियम लिहायला मी दोन दिवस घेतले. सूर्योदय आणि सूर्यास्त वाचनालयाच्या हॉलमधल्या दिनदर्शिकेत छापलेला धरावा. कथा जागेवरच रचावी. प्रत्येक पानावर निदान तीन चौकटी असाव्यात. एकही चौकट कोरी राहिली तर कथा अपूर्ण समजावी. मी स्वतः भाग घेणार असल्यामुळे मला पंच नेमू नये. आणि शेवटचा नियम असा: सूर्यास्तानंतर सर्व स्पर्धक एकत्र बसून पूर्ण झालेली प्रत्येक कथा पहिल्या पानापासून शेवटच्या पानापर्यंत, मध्ये काहीही न गाळता, मौनाने वाचतील. अपूर्ण कथा वाचली जाणार नाही.

आयोजकाला हा शेवटचा नियम फार आवडला. तो मी कुणाच्या सोयीसाठी लिहिला आहे, हे त्याने विचारले नाही. मला बक्षीस नको होते. मला एक दिवस असा हवा होता, की ज्या दिवशी चार माणसे माझे म्हणणे शेवटपर्यंत वाचायला बांधलेली असतील.

हिवाळ्याचे दिवस होते आणि त्या दिवशी नेमका आठवडी बाजार होता. पहाटेच मेथीच्या जुड्या उतरत होत्या. हॉलमध्ये आम्ही सातजण बसलो. पिंपळगाव राजाचा एक जण होता, दुकानांचे बोर्ड आणि ट्रॅक्टरच्या ट्रॉल्या रंगवणारा. कॉलेजची तीन पोरे एका टेबलावर होती. शेजारच्या गावचे एक निवृत्त शिक्षक होते, ते दिवसभर कुणाशी बोलले नाहीत. माझ्या समोरची जागा बराच वेळ रिकामी होती. ऊन चांगले वर आल्यावर चाळिशीची एक बाई धापा टाकत आली. वडनेर भोलजीकडून येताना तिची गाडी रस्त्यात बंद पडली होती. जिल्ह्यातल्या शाळांच्या आणि अंगणवाड्यांच्या भिंतींवर पाढे, फळे आणि वाघ-सिंह रंगवते, असे तिने बसता बसताच सांगून टाकले. बसल्या बसल्या तिने एक शेळी काढली. एका रेघेत. शेळी माझ्याकडे पाहत होती.

मी माझ्या पद्धतीने कामाला लागलो. नक्कल विभागात आमची एक रीत होती: मजकूर आधी, नकाशा शेवटी. नकाशाची शाई वाळेपर्यंत पानाला हात लावता येत नाही, म्हणून. त्या रीतीप्रमाणे मी प्रथम आठही पाने आखून घेतली. चौकटी पट्टीने पाडल्या. मग पहिल्या पानापासून संवादाच्या फुग्यांमधला मजकूर लिहायला घेतला. माझा विषय ओटा हाच होता. अर्जदार कार्यालयात जातो, अर्जदार युक्तिवाद करतो, अधिकारी निरुत्तर होतो. निदान कागदावर तरी तो निरुत्तर व्हावा, एवढे समाधान मी स्वतःला देऊ केले होते. चित्रकार आधी चित्र काढतात आणि फुगा नंतर बसवतात, हे मला सांगितले असते तरी मी ऐकले नसते.

दुपारी भाकरी सोडताना समोरच्या बाईंनी मान लांब करून माझी पाने पाहिली.

"काका, हे चित्रकथा होय का खरेदीखत?"

बोर्ड रंगवणारा हातातला ब्रश खाली ठेवून आला. "ताई, चतुःसीमा पाहून घ्या पह्यले. पूर्वेले फुगा, पश्चिमेले फुगा."

"अन् मधात मानूस दबून राह्यला बिचारा!"

"त्या माणसाचे म्हणणे पूर्ण होणे आवश्यक आहे," मी म्हणालो.

"होऊ द्या ना. पन त्याले दम तं घेऊ द्या, काका. भाषन देता देता मरन तो."

कॉलेजची पोरे हसली. मला राग आला, आणि त्या रागात मी आणखी एक फुगा वाढवला. मात्र बाईंनी कागदाच्या पुडीतला ठेचा माझ्या भाकरीवर न विचारता ठेवला होता, हेही सांगायला हवे.

चित्रांना हात घातला तेव्हा ऊन खिडकीच्या खालच्या गजापर्यंत उतरले होते. माझी माणसे सगळी उभी होती. साक्षीदाराच्या पिंजऱ्यात उभी राहतात तशी, हात अंगाला चिकटवून. ती बसवावी कशी हे मला येत नव्हते, आणि फुग्यांनी त्यांना बसण्यापुरती जागाही ठेवली नव्हती. टेबल बरे आले, कपाट बरे आले, कडुनिंब तर फारच बरा आला. आठव्या पानावर मी शेवटची चौकट मोठी ठेवली होती, अर्ध्या पानाची. तिच्यात मजकूर नव्हता. ओटा पुन्हा बांधला गेला आहे आणि त्यावर माणसे बसली आहेत, असे चित्र तिथे यायचे होते. ते सर्वांत सोपे म्हणून मी शेवटाला ठेवले होते.

दिनदर्शिकेतली वेळ झाली. आयोजकाने थाळीवर टोला दिला.

मी पेन खाली ठेवले. ती चौकट कोरी होती.

समोरच्या बाईंचीही एक चौकट कोरी होती. त्यांनी टोला पडल्यावरही मान वर केली नाही. आयोजक त्यांच्या मागे जाऊन उभा राहिला आणि पाने पाहून हसला. चांगली गोष्ट असणार, हे त्याच्या चेहऱ्यावर दिसत होते.

"ताई, घ्या धा मिनिटं. गाडी बंद पडली त्यात तुमचा काय दोष? अन् काका, तुमाले बी कोनाले पाह्यजे असन तं घ्या. आपल्याले का परीक्षा घ्याची हाय?"

मी उभा राहिलो. माझा आवाज मला वाटला त्यापेक्षा मोठा निघाला.

"नाही. सूर्यास्त म्हणजे सूर्यास्त. टोल्यानंतर वेळ वाढवून देण्याचा अधिकार नियमांत कोणाला दिलेला नाही. द्यायचा असता तर मी लिहिला असता. ज्यांनी वेळेत पूर्ण केले त्यांच्या दिवसाला मग काय अर्थ राहिला?"

"अहो काका, एक शेळीचं तोंड राह्यलं फक्त," बाई म्हणाल्या.

"तोंड राहिले म्हणजे कथा राहिली."

त्यांनी पेन टेबलावर आपटले. "तुमचं झालं ना सगळं, म्हनून तोंड वर करून बोलून राह्यले!"

मी आठवे पान उचलून सर्वांना दिसेल असे धरले. अर्धे पान पांढरे होते. बाजारातल्या भोंग्यावरून कोणी तरी स्वेटर स्वस्त झाल्याचे ओरडत होते.

"तुमचं बी नाही झालं?" बाईंनी विचारले. "मंग भांडून काऊन राह्यले?"

"म्हणूनच," मी म्हणालो.

आयोजकाने मला समजावले. बोर्ड रंगवणाऱ्यानेही समजावले. "आमची काही हरकत नाही, बाबा. काढा तुमी, आमी बीडी पिऊन येतो," असे तो म्हणाला. हरकत कुणाची आहे हा प्रश्न नव्हता, हे मला त्यांना सांगता आले नाही. विचारल्यावाचून माझा ओटा तोडणाऱ्यांनीही हेच म्हटले असेल, की कुणाची काय हरकत असणार. नियम माझ्या सोयीला वाकतो तर तो त्यांच्याही सोयीला वाकतो. मी माझी आठ पाने उचलली आणि बाहेर ओसरीत जाऊन पायरीवर बसलो. थोड्या वेळाने बाईही आल्या आणि दुसऱ्या टोकाला बसल्या. त्यांचे यजमान मोटरसायकलवर न्यायला यायचे होते.

आत पाच माणसे एकमेकांच्या कथा वाचू लागली होती. पाने उलटण्याचा आवाज दारातून येत होता. कोणी तरी एकदा फुसकन हसले आणि नियम आठवून गप्प झाले. तो नियम मी लिहिला होता आणि ते तो नीट पाळत होते. मी बाजाराकडे पाहत बसलो. माणसे ताडपत्र्या घड्या करत होती, न खपलेले टमाटे कॅरेटमध्ये भरत होती. या पायरीवरून उठून घरी जायचे, कुलूप काढायचे, दिवा लावायचा आणि पाने कपाटात ठेवायची, एवढेच माझ्यापुढे उरले होते.

"द्या इकडं," बाई म्हणाल्या. त्यांनी माझ्याकडे न पाहताच हात पुढे केला होता.

"अपूर्ण कथा वाचली जाणार नाही, असा नियम आहे."

"तो आतला नियम. आतले लोकं वाचून राह्यले का तुमची? नाही ना? मी ओसरीत बसली हाओ. मले मोटरसायकल येईपर्यंत काही काम नाही."

मी नियमाची शब्दरचना मनात तपासून पाहिली. तो 'सूर्यास्तानंतर एकत्र बसलेल्या स्पर्धकां'पुरता होता. एकत्र तर आम्ही नव्हतो. मी पाने दिली, आणि त्यांची पाने मागून घेतली.

त्यांच्या कथेत शाळेच्या भिंतीवर नवे हिरवे गवत रंगवलेले असते, आणि गावातली एक शेळी ते रोज येऊन चाटते. मुख्याध्यापक वरिष्ठांकडे लेखी तक्रार करतात. वरिष्ठ चौकशीला येतात, तर त्यांच्या गाडीतल्या फायली शेळी खाते. कोऱ्या चौकटीत तिचे तृप्त तोंड यायचे होते. मला हसू आले. हे सगळे मी नंतर नीट पाहिले. त्या वेळी माझे अर्धे लक्ष त्यांच्या बोटाकडे होते.

त्या बोट फिरवून वाचत होत्या. ओळीमागून ओळ. एखादा शब्द अडला की ओठ हलत. दुसऱ्या पानावर नैसर्गिक न्यायाचा मुद्दा होता, तिथे बोट थांबले, मागे गेले आणि पुन्हा पुढे आले. आपला मजकूर दुसऱ्याच्या डोळ्यांतून जाताना मी कधी पाहिला नव्हता. चाळीस वर्षे मी लोकांचे कागद उतरवले, नंतर इतकी वर्षे स्वतःचे पाठवले, पण वाचणारा माणूस समोर नव्हता. चौथ्या पानावर त्या हसल्या. तो विनोद नव्हता, पण मी काही बोललो नाही. सहाव्या पानावर असताना ओसरीतला दिवा लागला म्हणून उजेडासाठी त्या पायरीवर वर सरकल्या. त्यांनी एकही फुगा सोडला नाही. आठवे पान त्यांनी बराच वेळ हातात धरून ठेवले.

"ओटा लोकाईचा होता, पन तुमी भांडून राह्यले ते घरच्यासाठी. हाव ना?"

"घरच्यासाठी म्हणजे?"

"काकूसाठी." त्यांनी पाने मागे उलटली. "त्या याच्यात कुठीच नाही."

"तिसऱ्या पानावर उल्लेख आहे. 'अर्जदाराची दिवंगत पत्नी सदर ओट्यावर नित्य बसत असे.'"

"उल्लेख हाय, काका. पन दिसून नाही राह्यल्या त्या. साहेब आठ खेपा काढला तुमी. कपाट काढलं. कपाटाच्या कड्या बी काढल्या."

मी वाकून त्यांच्या हातातल्या पानावरच्या कपाटाच्या कड्या पाहिल्या.

"कशा बसत त्या?" त्यांनी विचारले.

तेवढ्यात मोटरसायकल आली. त्यांच्या यजमानांनी गाडी बंद न करताच "चाल लवकर, अंधार होऊन राह्यला," असा आवाज दिला. बाईंनी पाने नीट जुळवून माझ्या हातात दिली, आपली पिशवीत घातली, पदर कानांवरून बांधला. "पन तुमी लई खडूस हा, काका," मागच्या सीटवर बसता बसता त्या म्हणाल्या. "माही शेळी बिनातोंडाची राह्यली तुमच्यापायी." आणि गाडी बाजारातून वाट काढत निघून गेली.

आतली माणसे बाहेर आली तेव्हा एकमेकांच्या कथांबद्दल मोठ्याने बोलत होती. कोणाची गोष्ट कशी, कोणाचा घोडा गाढवासारखा कसा, असे चालले होते. मला त्यातले काही ठाऊक नव्हते, म्हणून मी त्यांच्यात बोलू शकलो नाही. आयोजकाने फोटोसाठी बोलावले. मी कडेला उभा राहिलो. फोटो झाल्यावर माणसे आपापल्या गाड्यांकडे गेली आणि मी घरी आलो.

त्या रात्री आणि त्यानंतरही मी कोऱ्या चौकटीसमोर बसलो आहे. माझ्या पत्नीचा एक फोटो माझ्याजवळ आहे, बँकेच्या पासबुकावरचा, समोरून काढलेला. त्यावरून मी नक्कल करू शकलो असतो, नक्कल हेच माझे काम होते. पण त्या फोटोतली बाई मला अनोळखी वाटते. ओट्यावर आम्ही शेजारी बसत असू आणि दोघेही रस्त्याकडे पाहत असू. मी तिच्याकडे मान वळवून क्वचितच पाहिले असेल. बोलत ती होती, मी ऐकत होतो, आणि समोरून माणसे जात होती. त्यामुळे ती मला फक्त डाव्या बाजूने आठवते, आणि तीही नीट नाही. गालाचे हाड, कान, कानामागे खोचलेला पदर. एक पाय वर घेऊन बसे, हे नक्की. कोणता, ते सांगता येत नाही. विचारावे असे आता कोणी नाही.

ओटा बांधून द्यावा हे माझे म्हणणे मी सोडलेले नाही, आणि त्याचे स्मरणपत्र या आठवड्यात जाईल. कोऱ्या चौकटीत सध्या दगडांच्या दोन ओळी आहेत आणि त्यांच्यावर एक कान आहे. कान बराच जमला आहे. पायाचे अजून ठरत नाही.